वैनगंगेपलीकडील विद्यार्थी आणि फ्रेंचचा वर्ग : परकीय भाषाशिक्षण व डिजिटल साक्षरता यांचा ऐतिहासिक मागोवा

प्रास्ताविक

नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाने भंडारा शहर मागे टाकून वैनगंगेचा पूल ओलांडला की कारधा हे गाव लागते. पावसाळ्यात या गावाचे नाव वृत्तपत्रांत वारंवार येते, कारण वैनगंगेच्या पाण्याची पातळी येथील पुलाजवळ मोजली जाते. एरव्ही परकीय भाषाशिक्षणाच्या चर्चेत कारध्याचा उल्लेख होण्याचे काही कारण नाही. तथापि प्रस्तुत लेखात हे गाव मुद्दाम दृष्टिबिंदू म्हणून घेतले आहे. महाराष्ट्रातील फ्रेंच अध्यापनाचा इतिहास आजवर मुंबई-पुण्याच्या वर्गखोल्यांतून पाहिला गेला. तोच इतिहास वैनगंगेच्या पूर्वतीरावरून पाहिल्यास कसा दिसतो, हा येथील प्रश्न आहे.

घरी झाडीबोली, शाळेत प्रमाण मराठी आणि पुढे विषय म्हणून इंग्रजी अशा क्रमाने शिकलेल्या विद्यार्थ्याला फ्रेंच शिकावयाची झाल्यास निरनिराळ्या काळांत कोणती साधने उपलब्ध होती? ती साधने वापरण्यासाठी त्याला आधी काय यावे लागत होते? या दुसऱ्या प्रश्नालाच आज ‘डिजिटल साक्षरता’ असे नाव आहे. पॉल गिल्स्टर यांनी १९९७ मध्ये याच नावाच्या ग्रंथात ही संज्ञा रूढ केली. तेव्हा त्यांना कळा दाबण्याचे कौशल्य अभिप्रेत नव्हते. संगणकाद्वारे समोर येणारी माहिती समजून घेण्याची, पारखण्याची व वापरण्याची क्षमता त्यांना अभिप्रेत होती. प्रस्तुत लेखात संज्ञेचा हाच अर्थ स्वीकारला आहे.

लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : अंतराचा आणि यंत्राच्या अभावाचा अडथळा काळाच्या ओघात कमी होत गेला; परंतु इंग्रजीच्या मध्यस्थीचा अडथळा प्रत्येक नव्या साधनाबरोबर नव्याने उभा राहिला. महाराष्ट्रात संगणक साक्षरता मराठीतून खेड्यापर्यंत पोहोचली, तर फ्रेंच प्रामुख्याने इंग्रजीतून शहरापुरती शिकविली गेली. हे दोन प्रवाह एकमेकांस मिळाले नाहीत आणि त्याची किंमत ग्रामीण विद्यार्थ्याने मोजली.

१. पुस्तकातील फ्रेंच

विदर्भाचा फ्रेंच भाषकांशी संबंध नवा नाही. आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या सॅव्हॉय प्रांतातील आनसी येथे स्थापन झालेल्या संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या संघाचे मिशनरी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास भारतात आले. नागपूर हे त्यांचे एक प्रमुख केंद्र बनले व १८७० मध्ये तेथे त्याच संताच्या नावाची शाळा सुरू झाली. सॅव्हॉय प्रांत १८६० मध्ये फ्रान्समध्ये विलीन झाला होता. म्हणजे फ्रेंच बोलणारे शिक्षक भंडाऱ्यापासून साठ-पासष्ट किलोमीटरवर आले होते. परंतु त्यांच्या शाळेचे माध्यम इंग्रजी होते, कारण राज्यकर्त्यांची भाषा इंग्रजी होती आणि पालकांची मागणीही तिलाच होती. शिक्षकाची मातृभाषा एक आणि शाळेने दिलेली भाषा दुसरी, हा प्रसंग पुढील इतिहासाची सूचना देणारा आहे.

त्या काळात फ्रेंचकडे वळणाऱ्या मराठी विद्वानांचा मार्ग ग्रंथांतून जात असे. मंडालेच्या कारावासात (१९०८ ते १९१४) लोकमान्य टिळकांनी पुस्तकांच्या आधारे जर्मन, फ्रेंच व पाली या भाषांचा अभ्यास केला. मूळ ग्रंथ वाचता यावेत हा त्यामागील हेतू होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात घेतलेल्या अभ्यासक्रमांत प्रारंभिक फ्रेंच व जर्मन यांचाही समावेश होता. ही दोन्ही उदाहरणे असामान्य व्यक्तींची आहेत. तरी त्यांतून एक सर्वसामान्य गोष्ट स्पष्ट होते. शिक्षकाविना, पुस्तकाच्या बळावर परकीय भाषा शिकण्याची परंपरा आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे. मात्र अशा अध्ययनास इंग्रजीवरील प्रभुत्व ही पूर्वअट होती. ज्याला इंग्रजी उत्तम येते त्यालाच फ्रेंचचे दार उघडे, हा अलिखित नियम येथेच रूढ झाला.

२. आवाजाची साधने : ध्वनिमुद्रिकेपासून भाषा-प्रयोगशाळेपर्यंत

पुस्तकातून वाचन साधते, उच्चार साधत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभापासून ध्वनिमुद्रिकांवरील भाषापाठ निघू लागले. संस्थात्मक पातळीवर १८८३ मध्ये पॅरिस येथे स्थापन झालेल्या आलियाँस फ्राँसेझचे मुंबईतील केंद्र १९३८ मध्ये सुरू झाले. स्वातंत्र्योत्तर काळात पुणे विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागाने रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत फ्रेंचचे अध्यापन रुजविले. या केंद्रांतून मराठी भाषक शिक्षकांच्या अनेक पिढ्या घडल्या, हे ऋण मान्य करावयास हवे.

दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये परकीयांना फ्रेंच शिकविण्याचे शास्त्र नव्याने मांडले गेले. जॉर्ज गूगेनहाइम व त्यांच्या सहकाऱ्यांनी बोलल्या जाणाऱ्या भाषेची ध्वनिमुद्रणे तपासून, प्रत्यक्ष वापरातील शब्दांची वारंवारता मोजून ‘मूलभूत फ्रेंच’ निश्चित केली. गास्ताँ मोझे यांचे १९५३ पासून प्रसिद्ध झालेले व निळ्या मुखपृष्ठामुळे ‘निळा मोझे’ म्हणून ओळखले जाणारे पाठ्यपुस्तक जगभरच्या वर्गांत पोहोचले. पुढे सँ-क्लू येथील केंद्रात पेतार गुबेरिना व पोल रिव्हँक यांच्या मांडणीतून दृक्-श्राव्य पद्धती विकसित झाली. पडद्यावर चित्रफीत, ध्वनिफितीवर संवाद आणि विद्यार्थ्याकडून पुनरुच्चार असे तिचे स्वरूप होते.

या पद्धतींचा एक समान आग्रह असा की वर्गात अनुवादाचा आधार शक्यतो घेऊ नये. तत्त्व म्हणून हा आग्रह समजण्यासारखा आहे. परंतु भारतीय वर्गात त्याचा परिणाम वेगळा झाला. वर्गात विद्यार्थी मराठी, गुजराती, तमिळ, सिंधी अशा विविध भाषांचे असत. फ्रेंचमधून स्पष्टीकरण अपुरे पडले की शिक्षक स्वाभाविकपणे इंग्रजीकडे वळत असे. मातृभाषेला मज्जाव करणारा नियम इंग्रजीस मात्र लागू झाला नाही.

१९६३ मध्ये बाजारात आलेल्या कॅसेटमुळे आवाज स्वस्त झाला व वाहून नेता येऊ लागला. कारध्यासारख्या गावातील विद्यार्थीही तत्त्वतः आता फ्रेंच उच्चार ऐकू शकत होता. परंतु कॅसेटसोबतची पुस्तिका इंग्रजी वाचकासाठी लिहिलेली असे. पुढे १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘देशव्यापी वर्ग’ हा कार्यक्रम उपग्रहाद्वारे दूरदर्शनवरून प्रसारित होऊ लागला. लहान गावांतील महाविद्यालयीन विद्यार्थी हा त्याचा उद्दिष्ट वर्ग होता. तथापि त्यातील कार्यक्रमांची भाषा मुख्यतः इंग्रजी असल्याने ज्यांच्यासाठी तो होता त्यांनाच तो अवघड जात असे. साधन गावात आले, भाषा मात्र शहरातच राहिली.

३. लिपीचा अडसर

संगणकाच्या आगमनानंतर हा प्रश्न अधिक सूक्ष्म झाला. याकडे भाषाशिक्षणाच्या अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही, म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करू.

संगणकाची आरंभीची अक्षरसंकेतावली इंग्रजीच्या गरजेपुरती होती. तीत १२८ स्थाने होती. फ्रेंचमधील स्वरचिन्हयुक्त अक्षरांना तीत जागा नव्हती, देवनागरीस तर नव्हतीच. पुढे स्थानांची संख्या २५६ झाली आणि वरच्या १२८ स्थानांचा मोठा भाग पश्चिम युरोपीय भाषांच्या विशेष अक्षरांना मिळाला. तरीही ‘हृदय’ व ‘बहीण’ या अर्थांच्या फ्रेंच शब्दांत येणारे ‘ओ’ व ‘ई’ यांचे जोडाक्षर पहिल्या प्रमाणावलीतून सुटले. ते १९९९ च्या सुधारित प्रमाणावलीत समाविष्ट झाले. मराठीतील ‘ऱ्या’, ‘ऱ्हा’ यांतील अर्ध्या ‘र’ ने संगणकावर जे हाल सोसले, त्याची येथे आठवण व्हावी. दुसऱ्याच्या भाषेसाठी घडविलेल्या यंत्रात आपले एखादे अक्षर हरवते, हा अनुभव दोन्ही भाषांचा आहे.

भारतीय लिपींसाठी इस्की हे प्रमाण १९९१ मध्ये निश्चित झाले. परंतु प्रत्यक्ष व्यवहारात महाराष्ट्रातील छपाई व कार्यालये निरनिराळ्या कंपन्यांच्या टंकांवर चालत. हे टंक देवनागरीचे अवयव, म्हणजे काना, मात्रा, वेलांटी व अर्धी अक्षरे, त्याच वरच्या स्थानांवर बसवीत असत जी प्रमाणानुसार फ्रेंच व अन्य युरोपीय अक्षरांची होती. परिणाम असा की संबंधित टंक नसलेल्या संगणकावर मराठी मजकूर उघडला की पडद्यावर स्वरचिन्हे असलेल्या रोमन अक्षरांची अर्थहीन रांग दिसे. काही प्रचलित टंकांत तर मराठीचा काना फ्रेंचमधील तिरकस स्वरचिन्ह असलेल्या मोठ्या ‘ई’ च्या स्थानी होता. त्या दशकात ज्यांनी महाविद्यालयाची परिपत्रके किंवा प्रश्नपत्रिका संगणकावर तयार केल्या, त्यांना हे दृश्य परिचित आहे.

या तांत्रिक तपशिलाचा शैक्षणिक अर्थ मोठा होता. एखाद्या शिक्षकाला डावीकडे फ्रेंच शब्द व उजवीकडे मराठी अर्थ अशी साधी शब्दसूची करून ई-मेलने पाठवावयाची झाल्यास दोन्ही भाषा एकाच संकेतस्थानांवर हक्क सांगत. इंग्रजी अर्थ दिल्यास अशी कोणतीही अडचण येत नसे. मराठी-फ्रेंच साहित्य संगणकावर निर्माण न होण्यामागे शिक्षकांची अनास्था हेच एक कारण मानणे म्हणूनच अन्यायाचे ठरेल. यंत्राची रचनाच इंग्रजीकडे ढकलणारी होती. जगातील सर्व लिपींना स्वतंत्र स्थान देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली होती, परंतु सर्वसामान्य वापरातील संगणकांवर देवनागरीचा आधार विंडोज २००० व त्यानंतरच्या प्रणालींपासून मिळू लागला. मराठी व फ्रेंच एकाच पानावर निर्वेधपणे नांदू शकतील अशी अवस्था एकविसाव्या शतकाच्या आरंभी प्रथमच आली.

४. दोन समांतर प्रवाह

नेमक्या याच वेळी महाराष्ट्रात संगणक साक्षरतेची मोठी मोहीम सुरू झाली. २००१ मध्ये उच्च व तंत्रशिक्षण विभागाच्या पुढाकाराने महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन मर्यादित ही संस्था स्थापन झाली आणि तिचा ‘एमएस-सीआयटी’ हा अभ्यासक्रम तालुक्यांपर्यंत, पुढे मोठ्या गावांपर्यंत पोहोचला. तो मराठीतूनही उपलब्ध होता. शासकीय नोकरीसाठी त्यास मान्यता मिळाल्याने लाखो विद्यार्थ्यांनी तो पूर्ण केला. पुढे केंद्र शासनाने २०१७ मध्ये ग्रामीण भागासाठी प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान मंजूर केले. प्रत्येक कुटुंबातील एक याप्रमाणे ६ कोटी व्यक्तींना साक्षर करण्याचे त्याचे उद्दिष्ट होते आणि ते मार्च २०२४ पर्यंत चालले.

याच काळात फ्रेंच अध्यापनातही परिवर्तन घडत होते. २००१ मध्ये युरोपीय परिषदेने भाषांसाठी समान संदर्भ-चौकट प्रसिद्ध केली. १९८५ पासूनच्या फ्रेंच प्रमाणपत्र परीक्षा २००५ पासून तिच्या सहा पातळ्यांशी जोडल्या गेल्या. पाठ्यपुस्तकांसोबत तबकड्या, नंतर संकेतस्थळे व चित्रफिती आल्या.

दोन्ही प्रवाह सशक्त होते, परंतु त्यांची भेट झाली नाही. साक्षरतेच्या अभ्यासक्रमात पत्रलेखन, तक्ता, सादरीकरण, ई-मेल व पुढे डिजिटल व्यवहार होते. एखादी नवी भाषा शिकण्यासाठी संगणक कसा वापरावा याचा विचार नव्हता. कळफलकाची भाषा बदलणे, ऑनलाइन शब्दकोश पारखणे, ध्वनिफीत थांबवून पुन्हा ऐकणे, स्वतःचा आवाज मुद्रित करून तुलना करणे ही कौशल्ये त्यात बसली नाहीत. उलट फ्रेंचच्या वर्गाने ही कौशल्ये विद्यार्थ्याकडे असतीलच असे गृहीत धरले. एकाने यंत्र शिकविले व भाषा वगळली. दुसऱ्याने भाषा शिकविली व यंत्र गृहीत धरले. मराठी माध्यमाचा ग्रामीण विद्यार्थी या दोहोंच्या मधल्या रिकाम्या जागेत राहिला.

५. इंग्रजीच्या मध्यस्थीने काय गमावले?

येथे एक आक्षेप संभवतो. इंग्रजी तशीही शिकावयाचीच असताना तिच्यामार्फत फ्रेंच शिकण्यात हानी कोणती? याचे उत्तर भाषांच्या रचनेत आहे.

फ्रेंचमधील ‘त’ व ‘द’ हे ध्वनी मराठीप्रमाणे दंत्य आहेत. ‘प’, ‘त’, ‘क’ यांचे उच्चार मराठीप्रमाणेच अल्पप्राण आहेत. इंग्रजीमार्गे येणारा विद्यार्थी मात्र तेथे ‘ट’ व ‘ड’ आणतो. नामाला व्याकरणिक लिंग असणे आणि त्यानुसार विशेषण बदलणे ही गोष्ट इंग्रजी भाषकाला मुळापासून शिकवावी लागते. ‘चांगला मुलगा’, ‘चांगली मुलगी’ म्हणणाऱ्यास ‘प्ती’ व ‘प्तीत’ हा ‘लहान’ या विशेषणातील भेद एका वाक्यात समजावा. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतील सामाजिक अंतर मराठी मुलाला बालपणापासून ठाऊक असते. फ्रेंचमधील ‘त्यू’ व ‘व्हू’ त्याच्या ओळखीचेच आहेत. आणखी पुढे जाऊन पाहता, ‘मी पत्र लिहिले’ व ‘मी चिठ्ठी लिहिली’ यांत क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. फ्रेंचमध्ये कर्म आधी आल्यास भूतकालवाचक धातुसाधित त्याच्या लिंग-वचनानुसार बदलते. फ्रेंच विद्यार्थ्यांनाही चकविणारा हा नियम कर्मणी प्रयोग जाणणाऱ्याला नैसर्गिक वाटू शकतो. अर्थात सर्वच सोपे नाही. फ्रेंच ‘र’, ओठ गोल करून उच्चारावयाचे पुढचे स्वर आणि लेखन व उच्चार यांतील दरी मराठी विद्यार्थ्यालाही जड जातात. परंतु त्याच्याजवळ असलेले भांडवल त्याला वापरू न देणे हे शैक्षणिकदृष्ट्या समर्थनीय नाही.

यांत्रिक अनुवादाच्या युगात ही हानी डोळ्यांना दिसू लागली. अनेक भाषाजोड्यांचा अनुवाद इंग्रजीला मध्यस्थ करून होत आला आहे. एखादी विद्यार्थिनी ‘मी थकले’ असे लिहिते. इंग्रजीत जाताच बोलणारी स्त्री आहे ही खूण पुसली जाते आणि फ्रेंचमध्ये वाक्य पुल्लिंगी होऊन उतरते. मराठीत होते, फ्रेंचला हवे होते, वाटेत हरवले. अशी चूक ओळखता येणे ही खरी डिजिटल साक्षरता होय आणि ती ओळखण्याची पात्रता त्या विद्यार्थिनीच्या मराठीत आधीपासूनच आहे.

थेट सेतू अशक्य होता असेही नाही. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ झ्यूल ब्लॉक यांचा मराठी भाषेच्या जडणघडणीवरील ग्रंथ १९२० मध्ये पॅरिस येथे प्रसिद्ध झाला; वा. गो. परांजपे यांनी केलेला त्याचा मराठी अनुवाद १९४१ मध्ये आला. इंग्रजी भाषांतर त्यानंतर जवळपास तीन दशकांनी, १९७० मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे या ग्रंथाच्या बाबतीत मराठी वाचक इंग्रजी वाचकाच्या पुढे होता. अलीकडचे उदाहरण जात्यावरील ओव्यांचे आहे. पुण्यात स्थायिक झालेले फ्रेंच समाजशास्त्रज्ञ गी प्वातव्हॅं व त्यांच्या सहकारी हेमा राईरकर यांनी ग्रामीण स्त्रियांच्या एक लाखाहून अधिक ओव्यांचे संकलन उभे केले. बेर्नार बेल या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने त्यांचे ध्वनिमुद्रण व संगणकीय संचयन साकारले. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारतविषयक संग्रहाने ते वाचकांसमोर आणले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या स्त्रियांची मराठी डिजिटल रूपात फ्रेंच अभ्यासकांपर्यंत पोहोचू शकते, तर फ्रेंच भाषा मराठी विद्यार्थ्यापर्यंत थेट का पोहोचू नये?

६. महासाथीची कसोटी

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली आणि वर्ग एकाएकी पडद्यावर आले. अंतराचा अडथळा त्या वेळी खऱ्या अर्थाने नाहीसा झाला. मुंबई-पुण्याच्या फ्रेंच वर्गात कारध्यातूनही बसता येणे शक्य झाले. परंतु त्यापूर्वीच्या २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणानुसार देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी केवळ १४.९ टक्के कुटुंबांत इंटरनेट सुविधा होती, तर शहरी भागात हे प्रमाण ४२ टक्के होते. संगणक असलेली ग्रामीण कुटुंबे ४.४ टक्केच होती. त्यातच ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला व भंडारा जिल्ह्यातील अनेक वस्त्या पाण्याखाली गेल्या. ज्या घरात पाणी शिरते त्या घरात मोबाइल कोरडा ठेवणे हीच पहिली साक्षरता ठरते.

त्यानंतर मोबाइल व स्वस्त जोडणी यांचा प्रसार वेगाने झाला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिक स्तरावर शिकता येतील अशा परकीय भाषांत फ्रेंचचा नामोल्लेख केला. २०३० पर्यंत ३०,००० भारतीय विद्यार्थ्यांचे स्वागत करण्याचे उद्दिष्ट फ्रान्सने २०२३ मध्ये जाहीर केले. संधी वाढत आहेत. ती कोणाला मिळणार हा प्रश्न मात्र जुनाच आहे. दरम्यान युरोपीय चौकटीच्या २०२० च्या पूरक ग्रंथाने ‘ऑनलाइन आंतरक्रिया’ व ‘मध्यस्थी’ यांना भाषिक क्षमतांत स्थान दिले असून विद्यार्थ्याच्या सर्व भाषांचा उपयोग करून घेण्याचा पुरस्कार केला आहे. मातृभाषेला वर्गाबाहेर ठेवणारे जुने तत्त्व त्याच्या जन्मभूमीतच मागे पडले आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. पुस्तक, ध्वनिमुद्रिका, कॅसेट, उपग्रह, संगणक व मोबाइल या प्रत्येक साधनाने अंतर कमी केले. परंतु केवळ साधनामुळे प्रवेश खुला झाला नाही.

२. मराठी-फ्रेंच साहित्याच्या अभावामागे लिपी व संकेतावलीची तांत्रिक कारणे दीर्घकाळ होती. ती आता उरलेली नाहीत. यापुढील अभावाची जबाबदारी शिक्षकवर्गाची व संस्थांची राहील.

३. संगणक साक्षरतेच्या अभ्यासक्रमांत भाषा-अध्ययनाची कौशल्ये आणि परकीय भाषेच्या अभ्यासक्रमांत डिजिटल कौशल्ये यांचा परस्पर अंतर्भाव होणे आवश्यक आहे.

४. यांत्रिक अनुवाद टाळण्याची सूचना देण्यापेक्षा त्यातील चुका मराठीच्या आधारे शोधण्याचे पाठ वर्गात घ्यावेत.

यांपैकी शेवटच्या दोन गोष्टींसाठी नवी इमारत, नवे अनुदान वा नवी यंत्रणा लागत नाही. जिल्हा पातळीवरील महाविद्यालयातील भाषा विभाग व संगणक विभाग यांनी एकत्र बसून पन्नास शब्दांची फ्रेंच-मराठी सूची, मराठीतील उच्चारसूचना व मुद्रित आवाज यांसह तयार केली, तरी आरंभ होऊ शकतो. वैनगंगेवर पूल होऊन बराच काळ लोटला. नदी ओलांडण्यासाठी आज कोणी आधी पोहावयास शिक असे म्हणत नाही. फ्रेंच शिकू इच्छिणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला मात्र आधी इंग्रजीत पारंगत हो असे आपण अद्याप सांगत आहोत. या सवयीचा फेरविचार होणे अगत्याचे आहे.